ॲनिव्हर्सरीला साधंच जेवायचंय, पण मग जायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा वाढदिवस, पंचविशी, प्रमोशन, बायकोचा चाळिसावा, असलं काही जवळ आलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळे इथे टाकतोय. हे अशा जोडप्यांसाठी आहे ज्यांना बाहेर जायची हौस आहे पण ताटात काय आलंय ते ओळखू यायला हवं असतं. प्रश्न बहुतेक पुण्या-मुंबईचे येतात त्यामुळे उदाहरणं पण तिथलीच जास्त, थोडं गोवा-कोल्हापूर. जिथे उत्तर दुसरीकडे दिलंय तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

1. साधं जेवण म्हणजे नक्की काय? आम्ही पिझ्झा पण खातो, मग आम्ही यात बसतो का?

बसता की. साधं म्हणजे मराठीच असं नाही, शाकाहारीच असं नाही आणि स्वस्त असं तर अजिबातच नाही. ताटाकडे बघून काय आहे ते कळलं, वेटरला समजावून सांगायला लागलं नाही, आणि पहिल्या घासाला 'हां, हेच हवं होतं' वाटलं की ते साधं. त्यामुळे तव्यावरची सुरमई साधी, तिचं बिल कितीही होवो. बिर्याणी साधी, चीज-टोमॅटोचा पिझ्झा साधा, डाळ-खिचडी-पापड तर काय बोलायलाच नको. पण वरणाला 'येलो लेंटिल व्हेलूते' म्हणून वाटीच्या तळाला चार चमचे वाढलं आणि वर पान ठेवलं, की ते यातून बाद.

2. पण नेहमीच्याच ठिकाणी गेलो तर तो दिवस खास कसा होणार? तिथे तर आम्ही एरवी पण जातो.

या सगळ्या पानावरचा हाच मुख्य प्रश्न. माझं म्हणणं सरळ आहे, जेवण नेहमीचं ठेवा आणि बसणं बदला. खास दिवस बिघडतो तो पदार्थ साधा होता म्हणून नाही, तर मागे चार जण टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभे होते, स्पीकर डोक्यावर होता, पार्किंगसाठी पाऊण तास गेला आणि भांडण गाडीतच झालं, म्हणून बिघडतो. आणि लोक करतात काय, तर सगळा पैसा पदार्थावर घालतात आणि खुर्ची कुठली मिळेल ते नशिबावर सोडतात.

त्याच नेहमीच्या ठिकाणी शनिवारी रात्री नऊला न जाता मंगळवारी साडेसातला जा, आदल्या दिवशी फोन करून कोपऱ्यातलं टेबल मागा, गाडी घरी ठेवून रिक्षाने जा, आणि एरवी जे महाग म्हणून टाळता ते एक काहीतरी मागवा, म्हणजे खेकडा म्हणा, मोठं पापलेट म्हणा, किंवा जेवण झाल्यावर दुसरी बासुंदी. बघा फरक पडतो का.

3. सुरुवात कुठून करायची? ॲप उघडलं की शेकडो नावं येतात आणि डोकं फिरतं.

ॲप आधी उघडूच नका. दोघांनी वेगवेगळं बसून आपल्याला त्या दिवशी मनापासून खायला आवडतील असे दोन-तीन पदार्थ लिहायचे, जागेचं नाव लिहायचं नाही. मग कागद जुळवा. दोघांच्या यादीत कुठेतरी मेळ बसतोच, आणि पदार्थ ठरला की जागा चार-पाचवर येतात, त्यातून बसायची सोय बघून एक निवडायची.

आता रिव्ह्यू. हॉटेलने टाकलेले फोटो सोडून द्या, गिऱ्हाइकांनी मोबाईलवर काढलेले बघा, त्यात प्रकाश किती, टेबलं किती चिकटून, ताट खरं किती भरलेलं ते दिसतं. पाच स्टारवाले वाचण्यापेक्षा एक-दोन स्टारवाले वाचा कारण तक्रार काय आहे यावरून कळतं. 'ॲम्बियन्स अगदीच साधा, पण जेवण बरं' अशी तक्रार असेल तर तुमच्यासाठी ती शिफारसच आहे. 'फोटो छान येतात पण क्वांटिटी कमी' असेल तर राहू दे. 'जेवण झाल्या झाल्या बिल आणून ठेवलं' हे दोन-तीन जणांनी लिहिलं असेल तर एरवी खुशाल जा, त्या दिवशी नको.

आणि शक्य असेल तर एकदा दुपारी दोघांपैकी एकाने नुसतं चहा-नाश्त्याला जाऊन यावं. आवाज, एसी, बाथरूम, पायऱ्या, सगळं पंधरा मिनिटात कळतं.

4. मेनू बघून ठिकाण नखरेल आहे हे कसं ओळखायचं?

मेनू आता बहुतेक सगळ्यांचे ऑनलाइन असतात. पदार्थाच्या नावाखाली तीन ओळींचं वर्णन, त्यात फोम, डस्ट, सॉईल, 'आमच्या पद्धतीने' किंवा 'डिकन्स्ट्रक्टेड' असे शब्द, म्हणजे समजायचं. डिकन्स्ट्रक्टेड वडापाव म्हणजे वडा वेगळा, पाव वेगळा आणि चटणीचा ठिपका तिसरीकडे, एकत्र करायचं काम तुमचं आणि बिल त्यांचं. दुसरी खूण म्हणजे एकाच मेनूत सुशी, पनीर टिक्का, टाको आणि मिसळ. तिथे यातलं काहीच धड नसतं असा माझा अनुभव.

उलट मेनू लहान, काही पदार्थांपुढे 'फक्त रविवारी' किंवा 'उपलब्धतेनुसार' लिहिलेलं, माशाचा भाव छापलेलाच नाही (त्याबद्दल प्रश्न 7), ही चांगली लक्षणं.

5. थाळी चालेल का? आम्हाला दोघांनाही थाळीच आवडते.

यावर सगळ्यात जास्त विचारणा येते, म्हणून सविस्तर.

थाळीत पदार्थ निवडायची कटकट नाही, दोघांचं एकच येतं, पोट भरतं, आणि साधं जेवणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं. पुण्यात आपटे रोडचं श्रेयस, टिळक रोडचं दुर्वांकुर, डेक्कनचं सुकांता, मुंबईत काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय जे 1945 पासून गुजराती थाळी वाढतंय, आणि माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 सालचं, जिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. जेवण म्हणून यातल्या कुठल्याही ठिकाणी डोळे मिटून जा.

पण थाळीचा स्वभाव समजून घ्या. थाळी चालते ती टेबल लवकर फिरण्यावर. अमर्याद वाढायचं आणि परवडवायचं तर दिवसभरात पंगती जास्त उठल्या पाहिजेत, त्यामुळे वाढपी सारखे येत राहतात, आमटी, भाजी, पुरी, परत आमटी, आणि तुम्ही 'आठवतं का गं, आपण पहिल्यांदा…' एवढं म्हणेपर्यंत मधून एक हात येतो आणि विचारतो, ढोकळा? यात त्यांची चूक काहीच नाही, ते आग्रहाने वाढतायत. फक्त गप्पा मारायला ती जागा नाही. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही हात धुऊन बाहेर असता, आणि रविवारी दुपारी बाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या कुटुंबांच्या नजरा सहन करत बडीशेप खाता.

म्हणून थाळीच हवी असेल तर संध्याकाळचे दोन भाग करा. आधी कुठेतरी निवांत बसा, बागेत, टेकडीवर, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, जिथे जमेल तिथे. गप्पा तिथे होऊ द्या. मग थाळीला जा आणि तिथे फक्त जेवा. जायचं ते आठवड्याच्या मधल्या वारी, दार उघडायच्या वेळेला, म्हणजे पहिल्या पंगतीत सगळं गरम आणि गर्दी नाही. वाढप्याला सुरुवातीलाच सांगा की सावकाश जेवणार आहोत, हाक मारू तेव्हा या. बहुतेक जण ऐकतात, आणि थोडी टीप आधीच दिली तर नक्कीच ऐकतात.

एक पळवाट पण आहे. बऱ्याच ठिकाणी अमर्याद थाळीबरोबर मर्यादित थाळी किंवा सुटे पदार्थ असतात. सुटं मागवलं की गती तुमच्या हातात.

6. जुन्या इराणी-पारशी जागा अशा दिवशी कशा वाटतात?

मला विचाराल तर साध्या जेवणाच्या जोडप्याला याहून चांगलं काही नाही. जागेला वय असतं त्यामुळे वेगळी सजावट लागत नाही, आणि पदार्थ वर्षानुवर्षं तेच असल्यामुळे कोणी प्रयोग करत नाही. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, 1923 सालचं, तिथला बेरी पुलाव (बेरी इराणची, आंबटसर), सल्ली बोटी (मटणाच्या रश्श्यावर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या) आणि शेवटी कॅरमल कस्टर्ड. पुण्यात कॅम्पात दोराबजी अँड सन्स, 1878 पासून, बिर्याणी आणि धनसाक (डाळीत शिजवलेलं पारशी मटण). डेक्कनचं गुडलक 1935 चं, पण तिथे कायम वर्दळ असते म्हणून ते त्या दिवशी सकाळी बन मस्का-चहाला ठेवा, रात्रीला नको.

अडचण एकच, अशा जागांचं घड्याळ वेगळं असतं. ब्रिटानिया हे पहिल्यापासून दुपारच्या जेवणाचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे जायच्या आधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारा. आणि खास दिवस म्हणजे रात्रच पाहिजे हे कोणी ठरवलंय? अर्धा दिवस रजा टाका, दुपारी जेवा, मग फोर्टमधून पायी फिरत गेटवेपर्यंत जा.

पांढरे टेबलक्लॉथ, टाय लावलेला वेटर असलं जुनं वळण हवं असेल तर चर्चगेटचं गेलॉर्ड आहे, 1956 सालचं. तिथला मेनू नव्या हॉटेलांसारखा कोड्यात बोलत नाही.

7. हा मासेखाऊ आणि मी शुद्ध शाकाहारी. एकाच टेबलावर दोघांचं नीट कसं होणार?

सगळ्यात कॉमन जोडी आहे ही, लाजू नका. चूक अशी होते की मासेखाऊंच्या ठिकाणी जायचं आणि शाकाहारी माणसाने पनीर मागवायचं. मालवणी-गोमंतकी खानावळीत पनीर मागवू नका, ते फक्त तुमच्यासारख्यांसाठी ठेवलेलं असतं. तिथे शाकाहारी काय चांगलं असतं ते विचारा, काळ्या वाटाण्याची आमटी, मुगा गाठी, भाजीचं खतखतं, काजूची उसळ, सोबत आंबोळ्या किंवा घावणे आणि सोलकढी. हे मिळत असेल तर दोघं सुखी. पण कढईचा, तेलाचा प्रश्न असेल, म्हणजे ज्या तेलात बोंबील तळले त्यात भजी नको असतील, तर विचारून घ्या, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ दुसरं ठिकाण.

पुण्यात मासे म्हटलं की नळस्टॉपजवळच्या निसर्गचं नाव येतंच. गोव्यात पणजीचं रिट्झ क्लासिक किंवा आसगावचं विनायक फिश थाळीसाठी प्रसिद्ध, पण थाळी आहे, तेव्हा प्रश्न 5 मधलं सगळं तिथेही लागू, दुपारी गर्दी पण तशीच.

माशाच्या भावाचं. मेनूत 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असेल तर मागवायच्या आधी मासा बघायला मागा आणि रक्कम विचारा. यात कमीपणा काही नाही, मासळीबाजारात आपण हेच करतो. जेवण झाल्यावर पापलेटचा आकडा बघून चेहरा उतरला की झाली ॲनिव्हर्सरी.

8. एकदा तरी ताजसारख्या ठिकाणी जायचंय पण तिथलं जेवण आम्हाला झेपणार नाही असं वाटतं.

झेपेल, फक्त तिथे रात्रीच्या मोठ्या जेवणाला जाऊ नका, चहाला जा. ताज महाल पॅलेस 1903 चं, त्याच्या सी लाउंजमधून समोर गेटवे आणि समुद्र दिसतो, आणि दुपारच्या चहाबरोबर भेळ-शेवपुरी सुद्धा असते, म्हणजे ओळखीचं काहीतरी मिळतंच. एके काळी मुंबईतली श्रीमंत घरं मुलगी-मुलगा दाखवायला तिथेच भेटायची, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाला जागा बरोबरच आहे.

इतर मोठ्या हॉटेलांत त्यांची खास रेस्टॉरंटं सोडा आणि कॉफी शॉप बघा. चोवीस तास चालणाऱ्या कॉफी शॉपच्या मेनूत खिचडी, दहीभात, डाळ, क्लब सँडविच असतंच, कारण प्रवासाने थकलेला माणूस तेच मागतो. बुफेच्या नादी मात्र लागू नका, साधं आणि थोडं जेवणाऱ्या दोघांचे पैसे बुफेत कधीच वसूल होत नाहीत. टॅक्सचं पुढच्या प्रश्नात.

9. बिलावर काय काय लागतं? सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी 5 टक्के, एसी असो नसो. ज्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के. म्हणजे मोठ्या हॉटेलात मेनूवरचे दोन हजार हे खरे 2360 असतात, ते धरून हिशोब करा. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला त्या उचलून धरल्या. तेव्हा बिलात दिसला तर शांतपणे 'हा काढून द्या' म्हणा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पण मी काय म्हणतो, भांडण त्या रात्री नको, बिलाचा फोटो काढा आणि तक्रार दुसऱ्या दिवशी करा. आणि ज्या पोराने नीट वाढलं त्याच्या हातात टीप वेगळी द्या.

10. बुकिंग कधी करायचं? आणि 14 फेब्रुवारीलाच आमची ॲनिव्हर्सरी असते, काय करू?

एरवी दोघांसाठी दोन-तीन दिवस आधी फोन पुरतो. ॲपवरून बुकिंग केलं तरी एक फोन कराच, कारण कोपरा, खिडकी, आवाजापासून लांब, हे ॲपवर सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी वाचतं कोण.

14 फेब्रुवारी आणि 31 डिसेंबरला बरीच ठिकाणं नेहमीचा मेनू बंद करून ठरावीक सेट मेनू ठेवतात, टेबलाचे पैसे आधी घेतात, आणि डाळ-भात मागायची सोयच उरत नाही. या दोन तारखा साधं जेवणाऱ्यांच्या नाहीतच. 13 ला जा किंवा 16 ला. तारखेला फार धरून असाल तर त्या दिवशी ज्यांना व्हॅलेंटाइनशी देणंघेणं नाही अशा ठिकाणी जा, खानावळ, उडुपी, थाळी. दादरच्या आस्वादमध्ये (हो, तेच, ज्यांच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनमधल्या फूडीहबच्या सोहळ्यात जगातला उत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं) त्या दिवशी पण मिसळ तीच असते, कोणी हृदयाच्या आकारात आणून देत नाही.

ज्यांच्या घरी तिथीने वाढदिवस करतात त्यांना तर दोन दिवस मिळतात, गर्दीचा सोडून दुसरा धरा.

11. केक, टाळ्या, 'हॅपी ॲनिव्हर्सरी' गाणं यातलं काहीही नको. कसं टाळायचं?

बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'ऑकेजन' असा रकाना असतो, तो रिकामा सोडा. तुम्ही तिथे ॲनिव्हर्सरी टाकलीत की गाणं ठरलेलंच. पण मग चांगलं टेबल कसं मागायचं, तर फोनवर कॅप्टनला सांगा, वाढदिवस आहे, केक आणि गाणं नको, फक्त शांत जागा द्या. सहसा त्यांना पण बरंच वाटतं, एक काम कमी.

बायकोला किंवा नवऱ्याला मनातून केक हवाय पण तोंडाने नको म्हणतात, असंही असतं. ते तुमचं तुम्ही ओळखा.

12. आमचं लग्न मे महिन्यातलं / जुलैमधलं / श्रावणातलं. सीझनप्रमाणे ठिकाण बदलावं का?

नक्की बदलावं, साध्या जेवणात सीझनच तर सगळं आहे.

मे मध्ये निम्म्या महाराष्ट्राच्या ॲनिव्हर्सऱ्या, आणि आमरस पण तेव्हाच. थाळीवाल्यांकडे आमरसाच्या दिवसांत दर वाढलेला असतो आणि रांग दुप्पट, तेव्हा शनिवार-रविवार सोडाच. आमरस अमर्याद आहे की एकच वाटी, हे आधी विचारा, यावरून घरोघरी रुसवे झालेत.

जून-जुलैत मासे जपून. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत मिळणारी सुरमई-पापलेट बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली. तेव्हा खाडीचं किंवा गोड्या पाण्यातलं मागा, खेकडे, कोळंबी, रायगडच्या बाजूला असाल तर जिताडा. किंवा या दिवसांत मासे सोडून मटणाकडे वळा, कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा रस्सा प्या, तिथलं ओपल आणि परख ही दोन नावं सगळेच सांगतात. पाऊस, भाकरी आणि रस्सा, यात खास करायला अजून काही लागत नाही.

श्रावणात घरी पाळत असाल तर प्रश्नच नाही, शाकाहारी. पाळत नसाल तर उलट चांगलं, मांसाहारी ठिकाणं रिकामी असतात आणि टेबल हवं ते मिळतं. फक्त मासे ताजे आहेत ना ते बघा, उठाव कमी असला की माल पडून राहतो.

13. नेमकी त्या दिवशी संकष्टी आली. आता?

दरवर्षी कोणाचा तरी हा प्रश्न असतोच. दोन रस्ते आहेत. संध्याकाळी उपासाचं खाऊन साजरं करा. दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष हे काही तडजोड म्हणून खायचे पदार्थ नाहीत, लोक उपास नसताना खातात. किंवा चंद्रोदयानंतर जेवा. चंद्रोदय साधारण आठ ते पावणेअकराच्या मधे कधीतरी असतो, कॅलेंडरवर तुमच्या गावाची वेळ बघा आणि त्याच्या अर्धा तास पुढचं बुकिंग करा. पण ज्या ठिकाणी शेवटची ऑर्डर साडेदहाला घेतात तिथे ढगाळ हवेत अडकाल, म्हणून आधी विचारून ठेवा. एकाचाच उपास असेल तर दुसऱ्याने समोर बसून आठ वाजता बिर्याणी खाऊ नये. एवढं कळतं तुम्हाला, तरी लिहिलं.

14. मला साधं आवडतं पण हिला नवीन नवीन ठिकाणी जायची हौस आहे. दरवेळी भांडण.

आलटून-पालटून वगैरे सल्ले ऐकायला बरे, पण ज्याची पाळी नसते तो तोंड वाकडं करून बसतो. त्यापेक्षा जागा तिच्या आवडीची, पदार्थ तुमच्या आवडीचा, असं करा. हल्ली नवीन रेस्टॉरंटांत खाली कुठेतरी एक साधा भात किंवा रस्सा असतोच, जाण्याआधी मेनूत तो शोधून ठेवा आणि तो नसेल तरच नको म्हणा. तुम्ही शोधायचे कष्ट घेतले हे दिसलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

15. मुलांनी दहा कोर्सच्या टेस्टिंग मेनूचं गिफ्ट व्हाउचर दिलंय. जायलाच हवं का?

मुलांनी प्रेमाने दिलंय, जा. पण तयारीने जा. अशा जेवणात एकेक पदार्थ दोन घासांचा असतो आणि एकूण अडीच-तीन तास लागतात, तेव्हा रिकाम्या पोटी जाऊ नका, पाच वाजता घरी पोहे खा. बुकिंग करताना काय चालत नाही ते स्पष्ट सांगा, कच्चं, मशरूम, चीज, अंडं, जे असेल ते. तिथल्या किचनला आधी कळलं तर बदलून देतात, ऐन वेळी नाही. आणि वेटर पदार्थाची गोष्ट सांगायला लागला की मान डोलवायची. घरी येऊन दहीभात खाल्लात तर मुलांना सांगायचं काही कारण नाही. व्हाउचरची मुदत बघा आणि रक्कम जेवणावर चालते की ठरावीक मेनूवरच, तेही बघा. नुसत्या रकमेचं असेल तर दोन पदार्थ सुटे मागवून मोकळे व्हा.

16. एखादा पेग घेतला तर? साध्या ठिकाणी मिळत नाही ना.

बऱ्याच खानावळींत नाही. 'परमिट रूम' पाटी असेल तर मिळेल, पण मग फॅमिलीसाठी वेगळी बसायची सोय आहे का ते बघा. महाराष्ट्रात बियर-वाइनला वय 21 आणि कडक दारूला 25 लागतं, म्हणजे चोविशीतल्या माणसाला लग्न करता येतं पण लग्नाच्या वाढदिवसाला व्हिस्की मागवता येत नाही. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर असे ड्राय डे पण तपासा.

17. आई-बाबांना सोडून जाणं बरं वाटत नाही, मुलं पण लहान आहेत. सगळ्यांना घेऊन गेलो तर?

मग ते फॅमिली जेवण झालं, छानच आहे, त्याला थाळी एक नंबर (प्रश्न 5 मधले सगळे तोटे इथे फायदे होतात, सगळ्यांना लगेच मिळतं आणि मुलं कंटाळायच्या आत आपण बाहेर). पण दोघांचं वेगळं दुपारचं जेवण त्याच आठवड्यात ठेवा, घरी सांगून. सासूबाई मुलांना सांभाळायला स्वतःहून तयार होतात, फक्त त्यांच्यासाठी पार्सल आणायला विसरू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पायऱ्या, खुर्चीची उंची आणि बाथरूम, या तीन गोष्टी जेवणाच्या चवीपेक्षा महत्त्वाच्या.

18. आम्ही परदेशात राहतो. इथे साधं म्हणजे काय शोधायचं?

मराठी पदार्थ मिळतात म्हणून वडापावच्या दुकानात ॲनिव्हर्सरी करू नका, लंडनमध्ये श्री कृष्ण वडा पाव आहे आणि आठवण आली की जरूर जा, पण तिथे निवांत बसणं होत नाही. तिकडचं जे साधं असतं ते शोधा, घरच्यांनी चालवलेलं इटालियन, गावातला जुना पब, इथिओपियन जिथे एकाच मोठ्या ताटात हाताने जेवतात (आपल्याला ते लगेच जमतं). निवडायची पद्धत प्रश्न 3 चीच.

19. सगळं ठरवून गेलो आणि जेवणच वाईट निघालं तर?

पदार्थ खारट, गार, कच्चा असेल तर लगेच सांगा, अर्धा संपवून नाही. बदलून दिलं तर ठीक. नाही तर जेवढं मागवलंय तेवढ्याचं बिल द्या, गोड तिथे मागवू नका आणि उठा. म्हणूनच सुरुवातीला सगळं एकदम मागवायचं नसतं, आधी एक पदार्थ, मग पुढचं. जवळपासचं एक आईस्क्रीमचं किंवा मस्तानीचं दुकान डोक्यात असू द्या, रात्र तिकडे वळवता येते.

20. बाहेर जायचाच कंटाळा आलाय. पार्सल आणून घरीच केलं तर चालतं का?

चालतं, पण काय आणताय ते बघून. बिर्याणी, रस्सा, धनसाक, पुरणपोळी, खरवस प्रवासात टिकतं, उलट रस्सा थोडा मुरलेला बरा लागतो. तळलेले बोंबील, डोसा, थालीपीठ, पुऱ्या घरी येईपर्यंत गारद होतात, ते मागवू नका. भाकऱ्या घरच्या किंवा शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून गरम आणा. पार्सल जाऊन स्वतः आणा, डिलिव्हरीवाला नेमका त्याच दिवशी पत्ता चुकतो. डब्यातून थेट खाऊ नका, ताटं काढा, आणि भांडी घासायला सकाळी बाई येणार आहे ना तेवढं आधी विचारून ठेवा.